परदेशातली पहिली ट्रायथलॉन: सुरुवात घराजवळच्या पाण्यापासून

परदेशात आल्यावर पहिल्या वर्षात बरेच जण धावायला लागतात. ओळखीचं कोणी नसतं, संध्याकाळ मोकळी असते, बूट चढवले की निघता येतं. पुढे कधीतरी सायकल येते. मग एखाद्या रविवारी सकाळी तळ्याच्या काठी काळे रबरी सूट घातलेली माणसं ओळीनं पाण्यात शिरताना दिसतात आणि मनात येतं, हे आपल्याला जमेल का?

जमेल. तब्येत धडधाकट असेल, थोडंफार पोहता येत असेल आणि आठवड्याचे पाच-सहा तास काढता येत असतील, तर तीन-चार महिन्यांत छोटी ट्रायथलॉन नीट पूर्ण करता येते. छातीत दुखणं, चक्कर येणं असा काही इतिहास असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम सुटला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पहिली शर्यत तुम्ही राहता तिथलीच निवडा. सकाळी घरून निघून दुपारी घरी परत येता आलं पाहिजे. परक्या देशात पाणी नवं, रस्ते नवे, नियम नवे, भाषाही बरेचदा नवी. ज्या पाण्यात पोहायला शिकलात आणि ज्या रस्त्यांवर सायकल चालवलीत तिथेच शर्यत केलीत, तर त्या दिवसापर्यंत हे सगळं ओळखीचं झालेलं असतं. विमानात सायकल टाकून नावाजलेल्या शर्यतीला जाण्याची हौस पुढच्या वर्षी भागवता येईल.

अंतर कोणतं घ्यायचं

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं सलग. मधे कपडे-बूट बदलायला घड्याळ थांबत नाही.

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक किंवा स्टँडर्ड अंतर याच्या बरोबर दुप्पट: दीड, चाळीस, दहा. हाफ आयर्नमॅनला १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, आणि पूर्ण आयर्नमॅनला ३.८, १८० आणि ४२.२. हाफला ‘७०.३’ का म्हणतात, हे नवख्यांना कोडं असतं. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते, एवढंच.

पहिल्यांदा स्प्रिंटच करा, किंवा त्याहून छोटी सुपर स्प्रिंट. ऑफिसातल्या एखाद्यानं आयर्नमॅन केलेली असते आणि बाकीचं सगळं किरकोळ वाटायला लागतं. पण हा खेळ सुरू झाला तोच आसपासच्या मंडळींनी मिळून. २५ सप्टेंबर १९७४ रोजी, बुधवारी, सॅन दिएगोच्या मिशन बे इथे धावणाऱ्यांच्या एका क्लबनं आधुनिक काळातली पहिली ट्रायथलॉन भरवली, तेव्हा ४६ जण आले होते. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, तिला फक्त १५ जण उभे राहिले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. स्प्रिंटचा ‘फिनिशर’ हा पुरा ट्रायथलीट असतो, अर्धामुर्धा नाही.

पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सायकल आणि धावणं यांत दमलात तर थांबता येतं. पाण्यात तसं नाही. म्हणून शर्यतीचे पैसे भरण्याआधी पाण्याचं काय ते बघा.

मुळीच पोहता येत नसेल तर मोठ्यांसाठीच्या पोहण्याच्या वर्गाला नाव घाला आणि शर्यत चार-सहा महिने पुढे ढकला. त्यात कमीपणा काहीच नाही. ब्रेस्टस्ट्रोकनं पोहलात तरी चालतं, कुठलाही स्ट्रोक चालतो. फ्रीस्टाइल येतं पण पंचवीस मीटरमध्ये धाप लागते, अशी तक्रार असेल, तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: तोंड पाण्यात असताना माणूस श्वास धरून ठेवतो. मग डोकं वर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडायचंही आणि घ्यायचंही, दोन्ही जमत नाही. पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहा. डोकं वळलं की फक्त आत घ्यायचं. आठवडाभर दुसरं काही न करता एवढंच केलंत तरी फरक दिसेल.

सार्वजनिक जलतरण तलावात लेनच्या टोकाला पाटी असते: संथ, मध्यम, जलद. बाणही असतो, कारण लेनमध्ये गोलाकार पोहायचं असतं आणि तो गोल घड्याळाच्या दिशेनं की उलट, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. आत उतरण्याआधी दोन मिनिटं काठावर उभं राहून बघून घ्या. थांबायचं असेल तर कोपऱ्यात थांबा, म्हणजे मागच्याला वळायला भिंत मोकळी राहते. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या. सुरुवातीला सलग पोहू नका. ५० मीटर पोहा, वीस सेकंद थांबा, असं दहा-बारा वेळा. मग १०० मीटरचे तुकडे, मग २००.

तलावात ७५० मीटर सलग जमलं की उघड्या पाण्याकडे वळा. एकट्यानं कधीही नाही. पोहायला परवानगी असलेली, जीवरक्षक असलेली जागा किंवा क्लबचं सत्र गाठा. कमरेला बांधायची रंगीत फुगवलेली पिशवी, म्हणजे टो-फ्लोट, सोबत ठेवा. ती होड्यांना तुम्ही दिसावेत यासाठी असते, ती लाइफ जॅकेट नव्हे.

आता थंडीबद्दल. उबदार पाण्यात वाढलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अंग अचानक गेलं की शरीर आपोआप मोठा आचका देतं, श्वास भराभर चालू होतो, छातीत धडधडतं. याला कोल्ड शॉक म्हणतात. कितीही धीराचा माणूस असला तरी हा आचका रोखता येत नाही, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. म्हणून सूर मारायचा नाही. पायऱ्यांनी उतरा, मानेवर-चेहऱ्यावर पाणी मारा, वेटसूटच्या, म्हणजे पोहण्याच्या त्या रबरी सूटच्या, गळ्यातून थोडं पाणी आत येऊ द्या, आणि पहिली दोन-तीन मिनिटं नुसते तरंगत राहा. धडधड तेवढ्यात ओसरते. मगच पोहायला लागा. पाच-सहा वेळा असं केलंत की शरीर सरावतं आणि आचका सौम्य होतो.

बाहेर आल्यावर काम संपत नाही. पाण्यातून निघाल्यावरही काही वेळ शरीराचं तापमान उतरतच राहतं. आत बरे असलेले लोक काठावर दहा मिनिटांनी कुडकुडायला लागतात ते यामुळेच. गप्पा नंतर मारा. आधी ओलं काढा, अंग कोरडं करा, टोपी घाला, गरम काहीतरी प्या. लगेच कडकडीत गरम शॉवरखाली उभे राहू नका, चक्कर येऊ शकते.

वेटसूट पहिल्या वर्षी भाड्यानं किंवा कोणाचा वापरलेला घ्या. तो अंगाला चिकटून बसायला हवा, पण गळ्याशी आवळत असेल तर नको, कारण पाण्यात गेल्यावर तोच गळा दम कोंडल्यासारखा वाटून घाबरवतो. घालताना पायात प्लास्टिकची पिशवी चढवा, पाऊल सुळकन खाली जातं आणि मग पिशवी काढून घ्या. ओढायचा तो बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. नखाची एक चंद्रकोर त्या रबरात कायमची उमटते आणि पुढे तिथूनच फाटतं. मानेला घासू नये म्हणून काही लावायचं तर पेट्रोलियम जेली टाळा, ती वेटसूटच्या रबराला मारक असते. वेटसूटसाठीचं वेगळं वंगण मिळतं.

वेटसूट कधी चालतो याचे नियम आहेत. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे हौशी गटांत दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यासाठी पाणी २२ अंश किंवा जास्त असेल तर वेटसूटला बंदी, आणि १६ अंशांच्या खाली गेलं तर तो सक्तीचा. काही आयोजकांचे आकडे वेगळे असतात, उदाहरणार्थ आयर्नमॅनच्या शर्यतींत ही वरची मर्यादा २४.५ अंश आहे. म्हणून सूटशिवायही पोहायचा सराव हवाच.

तलावाच्या तळाला असते तशी काळी रेघ तळ्यात नसते. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, कुठे आहे ते बघा. बोया लाटांमागे लपतो, म्हणून त्याच्या सरळ मागचं उंच झाड किंवा मनोरा आधीच हेरून ठेवा.

क्लब आणि कागदपत्रं

परदेशात क्लबात जायला आपण उगीच बिचकतो. तिथे सगळे जुने खेळाडू असतील, आपण मागे पडू, बोलताना अडखळू, असं वाटतं. अनुभव सांगतो, नवखा माणूस आला की क्लबातल्या लोकांना आनंद होतो. सरळ ईमेल करा: मी नवा आहे, तलावात इतकं सलग पोहतो, उघड्या पाण्याचा अनुभव नाही, एखादं सत्र करून बघता येईल का? बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरं सत्र फुकट करू देतात. उघड्या पाण्यासाठी सोबत, वापरलेला वेटसूट, शर्यतीला जायला गाडीत जागा, हे सगळं या एका ओळखीतून सुटतं. आणि परक्या गावात आठवड्यातून दोनदा आपलं नाव घेऊन हाक मारणारी माणसं भेटतात, त्याचं मोल वेगळंच आहे.

कागदांचं थोडक्यात. बहुतेक देशांत राष्ट्रीय संघटनेचं वार्षिक सदस्यत्व किंवा एका दिवसाचा परवाना लागतो. अमेरिकेत यूएसए ट्रायथलॉन, ब्रिटनमध्ये ब्रिटिश ट्रायथलॉन, जर्मनीत डॉइचे ट्रायथलॉन युनियन. पहिल्या शर्यतीला एका दिवसाचा पुरतो. काही देश डॉक्टरचा दाखला मागतात. इटली याबाबत कडक आहे, तिथे स्पर्धेसाठीची वेगळी वैद्यकीय तपासणी लागते. डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून नाव नोंदवतानाच हे वाचून घ्या. आपल्या आरोग्य विम्यात स्पर्धेतली दुखापत धरतात का, हेही विचारा.

वयोगट त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तुमचं जे वय असेल त्यावरून ठरतो.

आणि एक कळकळीची सूचना. अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात आपण सवयीनं आई-वडिलांचा नंबर लिहितो. ते हजारो मैलांवर असतात, कदाचित झोपलेले असतात, आणि त्यांना इथली भाषा येत नसते. तिथे त्याच शहरातल्या माणसाचा नंबर हवा: घरात सोबत राहणारं कोणी, सहकारी, शेजारी. त्यांना आधी विचारा, आणि घरच्यांचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा. बिबच्या, म्हणजे अंगावर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे औषधं, अॅलर्जी लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका.

सायकल

चांगल्या स्थितीतली कुठलीही सायकल चालते. हायब्रिड चालते, बहुतेक ठिकाणी माउंटन बाइकही चालते. महागड्या चाकांपेक्षा सीटची उंची नीट असणं पहिल्या वर्षी जास्त उपयोगी पडतं.

नव्या देशात सायकल घेतलीत किंवा भाड्यानं आणलीत तर पहिलं काम ब्रेक तपासण्याचं. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, आणि उजवीकडून चालणाऱ्या देशांत बहुधा डाव्या हाताला. सवयीच्या हातानं जोरात दाबला आणि पुढचं चाक अडलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. सायकल हातानं ढकलत न्या, एकेक ब्रेक दाबा, कुठलं चाक थांबतं ते बघा. उतारावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात अर्धा तास नुसतं थांबण्याचा सराव करा.

ओव्हरटेक करण्याची बाजूही त्याप्रमाणे बदलते. उजवीकडच्या देशात उजवी कड धरून चालवायचं आणि डावीकडून पुढे जायचं, डावीकडच्या देशात उलट. थकल्यावर डोकं जुन्या सवयीवर जातं, त्यामुळे रस्त्यावरचा सराव शर्यतीच्या बराच आधी सुरू करा.

हेल्मेट तिथल्या मानकाचं हवं. युरोपात आत ‘ईएन १०७८’ आणि अमेरिकेत ‘सीपीएससी’ असं लेबल असतं. दुसऱ्या देशातून आणलेलं हेल्मेट असेल तर हे आधी बघा, प्रवेशाच्या वेळी तपासतात. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, तेही बघा. बूच नसेल तर सायकल आत घेत नाहीत, कारण पडल्यावर ती उघडी नळी अंगात घुसते. पंक्चर झालं तर शर्यतीत ते आपलं आपणच काढायचं असतं. घरी तीनदा ट्यूब बदलून बघा, मागच्या चाकाचीही.

आठवडा कसा लावायचा

दोनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा धावणं आणि एक दिवस पूर्ण आराम. नोकरी करणाऱ्याला हे बसवायचं तर एखाद्या दिवशी दोन प्रकार येतात, चालतं. मी असा लावला होता: मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पोहणं, बुधवारी धावणं, गुरुवारी तासभर सायकल, शनिवारी लांब सायकल आणि त्यावर लगेच धावणं, सोमवार सुट्टी. रविवार मोकळा ठेवायचा, हवा चांगली असली तर तळं.

बराचसा सराव इतका सावकाश करा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच जोर लावा. रोज दमेपर्यंत पळणारे लोक सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसतात. वाढ हळूहळू करा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पहिल्यांदा केलंत की पाय आपले नाहीतच असं वाटतं, मांड्या भरून आलेल्या, पाऊल पडतं ते लाकडासारखं. साधारण किलोमीटरभरानंतर ते सुटतं. ही भावना आधी आठ-दहा वेळा घेतलेली असली की शर्यतीत घाबरायला होत नाही. दहा मिनिटांचं धावणंही पुरे.

हिवाळ्यात चारला अंधार पडणाऱ्या देशात असाल तर त्या महिन्यांत तलावात पोहणं सुधारा आणि सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे एका जागी अडकवून, चालवा. बर्फावर रस्त्याची सायकल नेण्यात शौर्य नाही.

नियम, आणि ज्या भाषेत ते सांगतात ती

माझी दुसरी शर्यत मी धावण्यात नाही, सूचनांच्या वेळी गमावली. सकाळचं ब्रीफिंग स्थानिक भाषेत होतं. मला ती बाजारहाटापुरती येत होती. भोंग्यावरून घाईघाईत सांगितलेलं निम्मं कळलं आणि उरलेलं मी गृहीत धरलं. सायकलचे दोन फेरे होते, मी एकच मारून धावायला गेलो. शेवटच्या रेषेवर वेळ बघून छाती भरून आली, आणि तासाभरानं यादीत नावापुढे ‘बाद’ लिहिलेलं दिसलं. वाद घालायला जागाच नव्हती. फेरे मोजणं ही खेळाडूचीच जबाबदारी असते, मार्गावरचे स्वयंसेवक ते सांगत नाहीत.

तेव्हापासून खेळाडूंसाठीची माहितीपुस्तिका आदल्या आठवड्यात पूर्ण वाचतो, भाषांतर करून वाचतो, आणि पोहण्याचे, सायकलचे, धावण्याचे फेरे कागदावर लिहून तो हँडलला चिकटवतो. डावीकडे, उजवीकडे, थांबा, फेरा, दंड, एवढे शब्द स्थानिक भाषेत पाठ असायलाच हवेत.

बाकीचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचं बकल लागलेलं हवं, आणि सायकल स्टँडवर परत अडकवेपर्यंत ते उघडायचं नाही. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली ठेवतात आणि कपडे-बूट बदलतात त्या जागेत, सायकल चालवायची नाही, जमिनीवरच्या रेषेपलीकडे जाऊनच बसायचं आणि परतताना रेषेआधी उतरायचं. हौशी शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून हवेचा आडोसा घ्यायला सहसा बंदी असते. अंतर शर्यतीनुसार साधारण १० ते १२ मीटर ठेवावं लागतं. कानात हेडफोन नाही, आणि बाहेरच्या कोणाची मदतही नाही.

शर्यतीचा दिवस

दीड तास आधी पोहोचा. सायकल हलक्या गिअरवर ठेवून अडकवा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले. बिबचा पट्टा त्यात. बूट टॉवेलवर, इलॅस्टिकच्या लेस असतील तर उत्तम. मग पोहून बाहेर येण्याच्या दारापर्यंत चालत जा आणि तिथून आपली जागा शोधत परत या. रांगा मोजा. शेजारची रंगीत पिशवी खूण म्हणून धरू नका, ती हलते. खांब किंवा झाड धरा. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्याला, म्हणजे उजवीकडच्या चेनशी तिचा संबंध येत नाही.

पाण्यात मागे, कडेला उभे राहा. पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश. कोणाचा हात लागेल, गॉगल सरकेल, नाकात पाणी जाईल. घाबरलात तर पाठीवर उलटे व्हा, श्वास जुळू द्या, हात वर करून कयाकवाल्याला, म्हणजे छोट्या होडीतल्या मदतनीसाला, बोलवा. कयाक धरून विश्रांती घेतली तरी बाद करत नाहीत, तिच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही.

सायकलवर पहिली दहा मिनिटं राखून चालवा आणि घोट-घोट पाणी प्या. बिब सायकलवर असताना मागे, धावताना पुढे. स्प्रिंटमध्ये खाण्याचा फार विचार नको, सराव करताना जे पचलं तेच घ्या, नवीन काही त्या दिवशी नाही. धावायला लागल्यावर पाय लाकडासारखे होतील, ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या वर्षी सायकल घेऊन प्रवास करायचा झाला तर

सीटच्या दांडीवर, फ्रेमच्या काठाशी, इलेक्ट्रिकल टेपचा वेढा द्या, म्हणजे जोडताना उंची जशीच्या तशी सापडते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. हे न समजल्यामुळे जोर लावून क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे खराब करणारे खूप आहेत. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांवर विमान कंपन्यांची बंधनं असतात, त्या तिथे पोहोचल्यावर घ्या. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. आणि खोकं उघडल्यावर पहिली चक्कर शर्यतीच्या आदल्या दिवशी तरी मारा, ब्रेक दाबून बघत.